परसातले तण आणि एक पाहुणा

(द्वितीय वर्ष, कला)

मी कलाशाखेची विद्यार्थिनी आहे. माझे विषय मराठी, भूगोल आणि अर्थशास्त्र. तेव्हा झाडपाल्याविषयी लेख लिहिण्याचा हिला अधिकार काय, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. अधिकार काहीच नाही. पण गेल्या पावसाळ्यात मी जवळजवळ चार महिने रोज सकाळी परसात आणि बांधावर हिंडून पाने गोळा केली, ती ओळखायला शिकले आणि त्यात दोनदा चुकले. त्या चुकांसह जे कळले ते येथे मांडत आहे. ज्याच्यासाठी ही पाने गोळा केली तो जीव आता आमच्याकडे नाही. तो का नाही, तेही ओघात येईल.

जूनच्या अखेरीस एके संध्याकाळी आई कामावरून आली तेव्हा तिच्या पाटीत फडक्याखाली एक कासव होते. ज्या घरी ती धुणेभांडी करीत असे ते कुटुंब बदलीमुळे दूर निघाले होते. "घेऊन जा, घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते," असे त्या बाईंनी तिला सांगितले. आमच्या घरी टिकण्याइतकी लक्ष्मी कधी आलेलीच नसल्यामुळे आईने फारसा विचार न करता ते आणले. त्या घरी ते एका काचेच्या भांड्यात, घोटाभर पाण्यात असे. खायला दुधात कुस्करलेली पोळी, कधी भात, कधी कोबीचे पान.

कासव म्हटले की आपल्याला नदी आठवते. ओतूरला मांडवी नदी आहे, तिच्या डोहात कासवे दिसत, असे जुनी माणसे सांगतात. देवळातही गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. पण हे कासव निराळे होते. पाठ टोपलीसारखी उंच, काळसर, आणि तिच्यावरच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यापासून पिवळ्या रेघा फुटलेल्या, जणू चांदणीच. पाय खांबासारखे गोल, बोटांमध्ये पडदा नाही. पुढे कळले की हे जमिनीवरचे कासव. याला तारा कासव किंवा स्टार कासव म्हणतात. त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडून मरते. म्हणजे इतके दिवस त्या भांड्यात पाणी घोटाभरच होते, हे त्याचे नशीब.

आमच्याकडे आल्यावर तीन दिवस त्याने काही खाल्ले नाही. आईने पोळी घातली, मी काकडी घातली. मान आत घेऊन ते कोपऱ्यात बसून राही. चौथ्या दिवशी पाऊस उघडला म्हणून मी त्याला परसात सोडले. न्हाणीच्या मागे, जेथे पाणी मुरते तेथे, तण माजले होते. ते तुरुतुरु तिकडे गेले आणि एका पिवळ्या-पांढऱ्या फुलाला त्याने तोंड लावले. फूल गेले, देठ गेला, मग पानही गेले. आई दारातून पाहत होती. ती म्हणाली, "आगं, हे तर दगडीपाला खातंय!"

येथे माझ्या आईविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. ती शाळेत कधी गेली नाही. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून ती खुरपणीला जाते. धुणेभांडी हे जोडकाम, खरे काम खुरपणीचे. खुरपणाऱ्या बाईला तण ओळखणे भागच असते, कारण बाजरीचे कोवळे रोप आणि शेजारी उगवलेले गवत यांत नवख्याला फरक दिसत नाही, आणि चुकीचे उपटले तर मालक बोलतो. आमच्या भागात खरिपाला बाजरी, भुईमूग, सोयाबीन आणि पुढे कांदा. म्हणजे वर्षातले बरेच महिने आई तणाच्या सहवासात असते. पण तिची सारी ओळख शत्रू म्हणून. कोणाचे मूळ खोल जाते, कोण तुटले तरी पुन्हा फुटते, कोणाने हाताला खाज सुटते, हे तिला पाठ. यातले कोणते खायला घालायचे, हा प्रश्न शेळीपलीकडे तिला कोणी विचारलेला नव्हता.

दगडीपाला म्हणजेच एकदांडी. पाने जमिनीलगत, खरबरीत, कडेला दाते असलेली, आणि मधून वीतभर उंच एकच दांडा वर येऊन त्यावर एकच फूल, म्हणून एकदांडी. फुलाचा मध्य पिवळा, भोवती मोजक्या फिकट पाकळ्या, प्रत्येकीचे टोक तीन ठिकाणी कातरल्यासारखे. विळा लागला की आम्ही हाच पाला चोळून जखमेवर लावतो. आपल्या मातीतला वाटतो, पण मूळचा अमेरिका खंडातला आहे, हे मला यंदाच कळले. कासवाला ही वनस्पती, विशेषतः तिचे फूल, इतके आवडे की दुरून पाहूनही ते चालत येई.

दुसरा क्रमांक केन्याचा. केना ओलाव्यात पसरतो. पान लांबट गोल, रसाळ, शिरा लांबीच्या दिशेने समांतर. पान जेथे दांड्याला बिलगते तेथे त्याचे आवरण असते व त्यावर तांबूस केस असतात. फूल निळे, सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटून जाते. एक गंमत आईने दाखवली. केना मुळासकट उपटला तर मातीच्या आतही त्याला बारीक फांद्या असतात आणि त्यांना जमिनीखालीच फुले येऊन बी धरते. "म्हणून तर ह्यो मेला मरत न्हाई," असे ती म्हणाली. या पानांची भजी आपण खातो. कासवाला तो रोज दिला तरी चालला.

याशिवाय हरळी. गणपतीच्या दूर्वा त्या हीच. ही जमिनीवरच्या कासवाची खरी भाकरी म्हणायला हरकत नाही. आपल्या परसात ती फुकट असते म्हणून आपण तिला मोजत नाही.

आता माझी पहिली चूक. मला वाटत होते की ज्या झाडातून पांढरा चीक निघतो ते सगळे विषारी. म्हणून मी पाथरी टाकून देत असे. पाथरीची पाने जमिनीवर चक्रासारखी पसरलेली, कडा वेड्यावाकड्या कातरलेल्या, फूल पिवळे. पान तोडले की दूध येते. आईने हे पाहिले आणि म्हणाली, "पाथरीची भाजी तू लहानपणापासनं खातीस. तवा न्हाई इख वाटलं?" मला माझीच लाज वाटली. मग मी दुसऱ्या टोकाला गेले. चीक असला तरी चालतो, असे समजून बांधावरची दुधी, जिला आमच्याकडे नायटी म्हणतात, ती मूठभर आणली. आईने माझ्या हातातून ती काढून घेतली. दुधीचा चीक अंगाला लागला तर कातडी चरचरते, डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. दोन्हींत फरक ओळखायचा तो चिकावरून नाही, तर पानांच्या मांडणीवरून. दुधीची पाने दांड्यावर समोरासमोर जोडीने असतात, दांडा तांबूस व केसाळ असतो, आणि पानांच्या बेचक्यात बारीक हिरवट फुलांचे गेंद असतात. पाथरीला असा पाने असलेला केसाळ दांडा नसतोच, पाने सगळी तळाशी. तेव्हापासून मी पान तोडण्याआधी आख्खे रोप उपटून पाहू लागले. नुसत्या पानावरून ओळखू नये, हे मी स्वतः फसून शिकले.

आमच्या महाविद्यालयात शास्त्र विभागाच्या जीवशास्त्राच्या मॅडम आहेत. त्यांना मी भीत भीत विचारले. कासव घरी आहे असे न सांगता, एका ओळखीच्यांकडे आहे, असे सांगितले. त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. जमिनीवरच्या कासवाला चोथा भरपूर लागतो आणि प्रथिने थोडीच. पाठीचे कवच हाडाचे, त्यामुळे चुना, म्हणजे कॅल्शियम, पुष्कळ लागते. आहारात ते फॉस्फरसच्या निदान दुप्पट तरी असावे. ते अंगी लागायला ऊन हवे. दूध त्याला पचत नाही, पोळी-भात हे त्याचे अन्नच नव्हे. आणि ज्या भाज्यांत ऑक्झॅलिक आम्ल जास्त असते त्या पोटात कॅल्शियमला बांधून ठेवतात. पालक त्यातलाच. घोळही त्यातलीच, आणि तांदुळजाही. आंबुशीची आंबट चव या आम्लाचीच असते. म्हणजे या गोष्टी विष नव्हेत, पण रोजच्या जेवणाच्याही नव्हेत. आठवड्यातून चिमूटभर.

आमच्या कासवाच्या पाठीवर उंचवटे होते ते चुकीच्या खाण्याने आले की काय, असेही मी विचारले. मॅडम म्हणाल्या, या जातीच्या पाठीवर थोडे उंचवटे मुळातच असतात, त्यामुळे न पाहता सांगता येणार नाही. मी गप्प बसले.

शेळीची गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडे दोन शेळ्या आहेत आणि आजीचे सगळे शास्त्र शेळीवरून चाले. "शेरडू खातंय ना, मग घाल." हा नियम सोपा आहे पण खोटा आहे. शेळी वाळलेले रुईचे पान चघळताना मी पाहिली आहे. शेळी चार ठिकाणचे थोडे थोडे खाते, रवंथ करते. कासव बिचारे जे समोर येईल ते. उलटही खरे आहे. टाकळ्याला जनावर तोंड लावत नाही, पण कोवळा टाकळा आपण शिजवून आवडीने खातो. म्हणजे माणसाचे, शेळीचे आणि कासवाचे ताट एक नाही. कच्चा टाकळा मी कासवाला कधी घातला नाही.

श्रावणात आणखी एक प्रसंग घडला. आमच्याकडे कपर्दिकेश्वराला श्रावणी सोमवारी मोठी जत्रा भरते, तांदळाच्या पिंडी पाहायला दुरून लोक येतात. शेजारच्या काकूंना आमच्या कासवाचे कौतुक फार. कूर्मावतार म्हणून त्या त्याला नमस्कार करीत. एका सोमवारी त्यांनी पूजेचे निर्माल्य आणून प्रेमाने त्याच्यापुढे ठेवले. त्यात बेल होता, दूर्वा होत्या, आणि धोतऱ्याचे फूल व कण्हेरही होती. आई नुकतीच कामावरून आली होती, तिने धावत जाऊन ते उचलले. धोतरा आणि कण्हेर दोन्ही जहाल विषारी. महादेवाला धोतरा चालतो, मारुतीला रुई चालते. कासव कूर्मावतार असले तरी त्याला यातले काही चालत नाही. काकूंना वाईट वाटू नये म्हणून आईने दूर्वा तेवढ्या परत ठेवल्या.

विषारी झाडांत परसापरसांत माजलेले म्हणजे गाजरगवत. याला काँग्रेस गवतही म्हणतात. याचा इतिहास आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. हे मूळ अमेरिका खंडातले. भारतात त्याची नोंद झाली ती पुण्यातून. १९५५ च्या सुमारास ते पुण्यातल्या उकिरड्यांवर दिसले आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी भारतातली नवी वनस्पती म्हणून ते नोंदवले. तेथून ते देशभर गेले. माझ्या आजीच्या लहानपणी ते आमच्या शिवारात नव्हते, असे ती सांगते. आज खुरपणीच्या बायांच्या हातांवर, मानेवर जी काळी खरुज दिसते तिच्यामागे पुष्कळदा हेच गवत असते. आईच्या मनगटांवर ती दर पावसाळ्यात उठते. फूल आल्यावर ते कोणीही ओळखील. फसवणूक होते ती कोवळेपणी. तेव्हा पाने गाजरासारखी चिरलेली, जमिनीलगत पसरलेली असतात, आणि पाला गोळा करणारा भाजी समजून उचलतो. तसेच ओसाडी. मऊ केसाळ पान, चुरगाळले की उग्र वास, जांभळट-पांढऱ्या फुलांचे गुच्छ. घाणेरी तर सर्वांना माहीत आहेच, तिने गुराचे यकृत बिघडते. ही तीन मी परसातून उपटूनच टाकली.

दुसरी चूक मात्र झाडाच्या ओळखीत नव्हती. जुलैच्या शेवटी परसातला केना संपत आला म्हणून मी ओढ्याकडेच्या बांधावरून पाटीभर ताजा, लुसलुशीत केना आणला. ओळख पक्की, आख्खे रोप पाहिलेले. कासवाने तो खाल्ला. संध्याकाळी आई म्हणाली, "कुठनं आणलास?" मी जागा सांगितली. ती एकदम खालीच बसली. शेजारच्या सोयाबीनवर आदल्या दिवशी तणनाशक मारले होते. तिला ठाऊक होते, कारण त्या फवारणीमुळेच त्या रानातली तिची चार दिवसांची खुरपणी गेली होती. फवारा बांधावर उडतो. पान लगेच पिवळे पडत नाही, दोन-तीन दिवस हिरवेगारच दिसते. त्यानंतर पाच दिवस कासवाने काही खाल्ले नाही. फवाऱ्यानेच तसे झाले असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते पाच दिवस मी विसरणार नाही. रोज सकाळी कोमट पाण्याच्या उथळ ताटलीत त्याला ठेवायचे, मग उन्हात, आणि पापणी हलते का ते पाहत बसायचे. सहाव्या दिवशी त्याने जास्वंदीचे लाल फूल अर्धे खाल्ले. आई त्या दिवशी उशिरा कामावर गेली.

त्यानंतर मी जागा ठरवल्या. न्हाणीमागचे परस, देवळामागची पडीक जमीन, आणि आमची स्वतःची अडीच गुंठे. रस्त्याकडेचे नाही, दुसऱ्याच्या बांधावरचे नाही. जास्वंदीची पाने-फुले आणि फड्या निवडुंगाचे काटे जाळून काढलेले तुकडे यांची जोड दिली. लव्हाळ्याकडे त्याने ढुंकून पाहिले नाही. आईला याचे फार वाईट वाटले. "ज्याचा मला तरास, तेवढंच ह्याला नको." तीनधारी दांड्याचा हा लव्हाळा उपटता उपटता तिची कंबर गेली आहे.

गणपती झाले. मी मॅडमना मोबाइलवरचे छायाचित्र दाखवले, ते केवळ कौतुकाने. इतके दिवस सांभाळलेले खोटे त्या क्षणी मी विसरून गेले होते. छायाचित्र पाहून त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हे कासव घरात ठेवणे गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जातीला संरक्षण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर ते पहिल्या अनुसूचीत आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून पूर्ण बंदी आहे. जगात चोरट्या व्यापारात सर्वांत जास्त पकडल्या जाणाऱ्या कासवांत हे येते. आंध्र, तमिळनाडू, कर्नाटक, नाहीतर गुजरात-राजस्थानच्या कोरड्या झुडपी माळांवरून ते उचलतात आणि पिशव्यांत कोंबून विकतात. त्या पाटीत फडक्याखाली काय आले होते ते मला तेव्हा कळले.

घरी सांगितले तेव्हा आजी म्हणाली, "मग सोडून द्या माळशेजच्या रानात. खायला तर समदं हाय तिथं." मलाही क्षणभर ते पटले. त्याला काय लागते, ते आता मला पानापानाने ठाऊक होते, आणि ते सगळे तिकडे उगवते. पण मॅडमनी आधीच सांगून ठेवले होते. माळशेजचा पाऊस त्याच्या मुलखाचा नव्हे, ते तेथले नाही, आणि माणसांत राहिलेल्या जनावराने रानात नेलेला रोग तेथल्या जिवांना लागू शकतो. खाणे ओळखले म्हणजे घर ओळखले असे होत नाही.

आईला पोलिसांची भीती वाटत होती. मलाही. शेवटी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर मीच फोन केला. दुसऱ्या दिवशी दोन कर्मचारी आले. त्यांनी हकीकत लिहून घेतली, आईने अंगठा दिला, मी सही केली. ते त्याला पुण्याला उपचारासाठी पाठवणार होते. आदल्या रात्री मी एक कागद तयार केला होता. आई सांगत होती आणि मी लिहीत होते: हरळी रोज, केना रोज, दगडीपाला फुलासकट, पाथरी, जास्वंद. घोळ, तांदुळजा कधीतरी. फवारलेल्या रानातले नको. त्यातल्या तरुण कर्मचाऱ्याने कागद वाचून विचारले, "दगडीपाला म्हणजे कोणता?" आई उठली, परसात गेली आणि एक रोप मुळासकट उपटून आणून त्याच्या हातात दिले. त्याने ते कागदात गुंडाळून ठेवले.

आता रब्बीच्या कांद्याची खुरपणी चालू आहे. आई संध्याकाळी येते तेव्हा अजूनही तिच्या ओट्यात केन्याची मूठभर पाने असतात. दारात आल्यावर तिच्या लक्षात येते, आणि ती पाने ती शेळीपुढे टाकते.